तो लेख परत चढव

(पत्र थोडक्यात: ६ वर्षं फ्रीलान्स विज्ञानलेखन करतेय, पिच (लेखाची कल्पना) पाठवली की एडिटर उत्तरच देत नाहीत, फॉलोअर्स जागचे हलत नाहीत, मागून आलेले पुढे गेले. रोज पोस्ट टाकायला हवी का? ता. क. मध्यंतरी एलके-९९ वरचा माझा एक लेख साइटवरून काढून टाकला, एका वाचकाचा मेल आला होता, त्याला काय उत्तर देणार, असो.)

असो काय, असो?

अगं अख्खं पत्र फॉलोअर्सच्या रडगाण्याचं, आणि जे खरं बोचतंय ते ता. क. मध्ये कोंबलंस. पिचचं एका वाक्यात सांगते, आठवड्याभराने एकदा आठवण करायची, नाहीतर तीच कल्पना दुसरीकडे पाठवायची, झालं. आता त्या लेखाकडे ये.

जुलै २०२३. दक्षिण कोरियातल्या गटाने आर्काइव्ह (arXiv) या साइटवर प्रीप्रिंट, म्हणजे अजून तज्ज्ञांनी न तपासलेले पेपर, टाकले, की खोलीच्या तापमानाला आणि हवेच्या साध्या दाबाला चालणारा सुपरकंडक्टर (रेझिस्टन्सशिवाय वीज वाहून नेणारा पदार्थ) सापडला, हाच तो एलके-९९, चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या त्या काळ्या तुकड्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि तूही त्या लाटेत लेख ठोकून दिलास. पुढच्या काही आठवड्यांत बाकीच्या लॅबनी फुगा फोडला. रेझिस्टन्स धाडकन पडत होता तो त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, ते १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास रूप बदलतं, आणि तरंगणं म्हणजे साधं लोहचुंबकत्व. शुद्ध स्फटिक करून बघितला तर तो चक्क इन्सुलेटर, म्हणजे वीज वाहूच न देणारा, निघाला!

तू चुकलीस याचं मला काही नाही, तेव्हा भलेभले हवेत होते. राग आलाय तो डिलीटचा, आणि त्याहून जास्त त्या मेलचा. एका माणसाने तुझा लेख शेवटपर्यंत वाचला, चूक नेमकी कुठे ते शोधलं, वेळ काढून लिहिलं, आणि तू लेखच गायब करून गप्प बसलीस? एडिटर उत्तर देत नाहीत म्हणून मला पत्र लिहिणारी तू! फॉलोअर्स नाहीत म्हणतेस, मग हा कोण होता?

लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने १९९८ चा तो लस आणि ऑटिझमवाला पेपर २०१० मध्ये मागे घेतला. १२ वर्षं लागली, लाजिरवाणंच आहे, पण पेपर पुसला नाही, आजही तिथेच आहे, वर रिट्रॅक्टेडचा शिक्का. हे तुला मी सांगायचं? शिवाय तुझा लेख वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवून ठेवणारी साइट) कुणालाही सापडू शकतो, आणि तिथे दुरुस्तीची ओळ नसणार.

तेव्हा लेख परत चढव, त्याच जुन्या लिंकवर, आतला एक शब्द न बदलता. वर तारीख टाकून चार ओळी लिही, मी काय लिहिलं होतं, काय चुकलं, कधी कळलं, कुणी दाखवलं (नाव त्यांना विचारूनच). "काही तांत्रिक त्रुटी" वगैरे लिहिलंस तर याद राख.

पण त्याच्याही आधी, आज रात्री, त्या माणसाला मेल. तुमचं बरोबर होतं, उत्तराला उशीर झाला, सॉरी आणि थँक्यू. सबबी नकोत.

रोज पोस्ट टाकायची का ते पुढच्या पत्रात विचार, पण आधी त्याने काय उत्तर दिलं ते लिहायचं.