खुबा दुखतोय? आधी बोट ठेवून दाखवा

प्रश्न : वय ५२. उजव्या कुशीवर झोपलं की खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागतो. एक्स-रे नॉर्मल. व्हिडिओ बघून पाय ताणते, पण उतार नाही.

आधी ते ताणणं थांबवा. तुम्ही सांगता तिथे मांडीच्या हाडाचा उंचवटा हाताला लागतो. कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) तिथे जोडलेल्या असतात आणि बहुधा त्याच दुखावल्यात. एक्स-रेत त्या दिसत नाहीत. चाळिशीनंतर बायकांना हा त्रास फार होतो. पाय आडवा ओढला की कंडरा त्या हाडावर दाबल्या जातात. पायावर पाय टाकून बसलं, ओट्याशी एका पायावर रेलून उभं राहिलं, तरी तेच.

तपासताना आम्ही दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं करतो. तेवढ्यात नेमकी तीच जागा दुखली, तर निदान बरंचसं पक्कं. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये जाड उशी घेऊन झोपा. व्यायाम साधा आहे : उताणं झोपून गुडघ्यांभोवती ओढणी बांधा आणि गुडघे बाहेर ढकला, पण हलू देऊ नका. हे जमलं की मग ब्रिज (उताणं झोपून, गुडघे वाकवून कुल्ले वर उचलणं), नंतर पायरी चढणं. दोन-तीन महिने तरी धरून चाला. इंजेक्शनने पटकन बरं वाटतं, पण वर्षाचा हिशेब मांडला तर व्यायामच सरस ठरतो.

प्रश्न : वय ३८. बाइकवर टांग टाकताना जांघेत कळ येते. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलं होतं. एक्स-रेत काही नाही. व्यायाम सुचवा.

आत्ता नाही सुचवणार. खुद्द सांध्याचं दुखणं बहुतेकदा जांघेत जाणवतं. स्टिरॉइडमुळे (आणि दारूमुळेही) खुब्याच्या गोळ्याचा (मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा) रक्तपुरवठा तुटू शकतो. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्ये मात्र कळतं. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर धावणं, उड्या, ओझी बंद. गोळा चपटा व्हायच्या आत सापडलं, तर तो वाचवायला वाव असतो.

प्रश्न : वडिलांच्या डाव्या खुब्याची झीज झाली आहे. काठी कोणत्या हातात द्यावी?

उजव्या. काठी आणि डावा पाय एकदम पुढे पडायला हवेत. मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच ठेवा. मांडी घालून बसणं सोडलं तरी चालेल, चालणं सोडू देऊ नका.

प्रश्न : मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आणि चुरचुर. खुबा गेला का?

नाही. बहुधा कमरेपाशी कातडीची एक नस दाबली जातेय. परकराची नाडी किंवा पट्टा सैल करून बघा. बधिरपणा गुडघ्याखाली उतरला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर मात्र कंबर तपासून घ्या.