वाचकांचे प्रश्न : फर्मवेअर बदलल्यावर कॅमेरा चालूच होत नाही

प्रश्न : माझ्याकडे कॅनन ६००डी आहे. टाइमलॅप्ससाठी ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढण्याची सोय त्यात नसल्यामुळे मी मॅजिक लँटर्न हे कॅमेऱ्याला जास्तीच्या सोयी देणारे सॉफ्टवेअर टाकले होते आणि ते व्यवस्थित चालत होते. मारबतीच्या मिरवणुकीच्या आदल्या रात्री जागा करण्यासाठी मी कार्ड संगणकाला लावून सगळ्या फाइली डिलीट केल्या. तेव्हापासून कॅमेरा ऑन होत नाही आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. सीताबर्डीतील एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगितले आहे. तो बदलून घ्यावा का?
— एक वाचक, महाल

उत्तर : इतक्यात मुळीच बदलू नका. आपण घटनाक्रम नीट लिहिला आहे आणि त्यावरून दोष कॅमेऱ्यात नसून कार्डात असण्याची शक्यता बरीच अधिक दिसते. ट्रॅमेल हडसन यांनी २००९ मध्ये ५डी मार्क २ साठी सुरू केलेले मॅजिक लँटर्न कॅननचे मूळ फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारे आतील सॉफ्टवेअर, पुसून त्याच्या जागी बसत नाही. ते मेमरी कार्डावर राहते आणि प्रत्येक वेळी तेथूनच चालू होते. कॅमेऱ्याच्या आत कायमची बदलते ती फक्त बूट फ्लॅग नावाची एक खूण. ही खूण असलेला कॅमेरा चालू होताना आधी कार्ड तपासतो, कार्डाच्या अगदी सुरुवातीच्या भागात ‘बूटडिस्क’ अशी अक्षरे नोंदलेली आढळली तर ‘ऑटोएक्झेक.बिन’ ही फाइल शोधतो आणि पुढचा कारभार तिच्यावर सोपवतो. आपण डिलीट केल्याने ती फाइल गेली, पण सुरुवातीच्या भागातील अक्षरे तशीच राहिली, कारण फाइली डिलीट करताना संगणक त्या भागाला हात लावत नाही. त्यामुळे कॅमेरा नसलेली फाइल शोधत तेथेच अडकतो. बाहेरून तो पूर्ण बंद दिसतो, परंतु आत काम सुरूच असल्यामुळे बॅटरी मात्र उतरत राहते, आणि मग उतरलेल्या बॅटरीमुळे दुसऱ्या दिवशी कार्ड काढूनही तो चालू होत नाही. मदरबोर्ड गेल्याचा निष्कर्ष बहुधा याच टप्प्यावर निघतो.

म्हणून प्रथम बॅटरी आणि कार्ड दोन्ही बाहेर काढून कॅमेरा काही मिनिटे तसाच ठेवावा. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. शक्य असल्यास ओळखीच्या कोणाकडून चालू स्थितीतील एलपी-ई८ बॅटरी मागून आणावी, म्हणजे बॅटरीविषयीची शंका तेथेच मिटेल. मग कार्ड न घालता बॅटरीचे आणि कार्डाचे अशी दोन्ही झाकणे घट्ट बंद करून कॅमेरा ऑन करावा. झाकणांचा उल्लेख मुद्दाम करतो आहे. झाकण नीट लागले आहे की नाही हे कॅमेऱ्याला आतील एका बारीक कळीवरून कळते, आणि ती पूर्ण दाबली गेली नाही तर सगळे सुस्थितीत असूनही कॅमेरा सुरू होत नाही. झाकणाचा दात झिजला असेल तर बोटाने किंचित दाबून पाहावे. तरीही काही झाले नाही, तर लेन्स काढून पुन्हा प्रयत्न करावा, कारण लेन्सच्या संपर्कबिंदूंतील बिघाडही कधी कधी कॅमेऱ्याला अडवतो.

कार्डाविना कॅमेरा सुरू झाला, तर मदरबोर्ड शाबूत आहे असे समजावे. कार्डावर काही ठेवण्यासारखे उरले असेल तर ते आधी संगणकावर उतरवून घ्यावे, नंतर कार्ड कार्ड रीडरला लावून पूर्ण फॉरमॅट करावे. मॅजिक लँटर्न पुढेही वापरायचे असल्यास त्याच्या फाइली कार्डावर पुन्हा टाकाव्यात, मात्र ती आवृत्ती आपल्या कॅमेऱ्याच्या फर्मवेअरसाठीचीच हवी. ६००डीसाठी ते फर्मवेअर १.०.२ आहे. नको असल्यास नुसते कार्ड बदलून थांबू नये, तर मॅजिक लँटर्नच्याच इन्स्टॉलरमधून बूट फ्लॅग काढून टाकावा.

एवढे सगळे करून, भरलेल्या बॅटरीवरही कार्डाजवळचा तांबडा दिवा एकदाही लुकलुकला नाही, तरच वीजपुरवठ्याच्या भागाकडे वळावे. तेथील बारीक फ्यूज उडाल्यावर अगदी हीच लक्षणे दिसतात आणि त्यासाठी संपूर्ण बोर्ड बदलणे हा पहिला उपाय नव्हे. दुरुस्तीला देताना मॅजिक लँटर्नची गोष्ट लपवू नका. ती माहीत नसेल तर तंत्रज्ञही चुकीच्या दिशेने शोध घेतो.

प्रश्न : कॅननच्या माझ्या जुन्या पॉवरशॉट कॅमेऱ्यावर सीएचडीके हे मॅजिक लँटर्नसारखेच कार्डावरून चालणारे सॉफ्टवेअर आहे. परवापासून बटण दाबले की कॅमेरा क्षणभर जागा होतो आणि लगेच बंद पडतो.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : एसडी कार्डाच्या कडेला असलेली लहानशी सरकपट्टी पाहा. ती ‘लॉक’वर असली की पॉवरशॉट कार्डावरील ‘डिस्कबूट.बिन’ चालवायला जातो, आणि ती फाइल खराब असेल किंवा दुसऱ्या फर्मवेअरसाठीची असेल तर सुरू होता होताच बंद पडतो. पट्टी उलट सरकवा. कॅमेरा मूळ फर्मवेअरवर सुरू होईल. सीएचडीकेची आवृत्ती निवडताना मॉडेलबरोबरच फर्मवेअरच्या क्रमांकाचे शेवटचे अक्षरही जुळले पाहिजे, १.००बी साठीची फाइल १.००सी ला चालत नाही. पट्टी सरकवूनही फरक पडला नाही, तर फर्मवेअरचा विचार सोडून बॅटरी बदलून पाहा. क्षणभर जागे होऊन बंद पडणे हे थकलेल्या बॅटरीचेही लक्षण आहे, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद मोटारीत राहिलेली बॅटरी फार लवकर थकते.

प्रश्न : कंपनीचेच अधिकृत अपडेट चालू असताना स्क्रीन काळी झाली. बॅटरी काढू का?
— एक वाचिका, प्रतापनगर

उत्तर : लगेच काढू नका. काही कॅमेऱ्यांत अपडेटच्या मध्येच स्क्रीन बंद होते आणि लिहिण्याचे काम मात्र सुरू असते. त्या क्षणी वीज तोडली, तर कार्डावरच्या बदलाने सहसा न होणारे नुकसान खरोखर होते, कारण येथे मूळ फर्मवेअरच लिहिले जात असते. दिवा लुकलुकत असेपर्यंत कशालाही हात लावू नका. दिवा बंद होऊन बराच वेळ गेल्यावर कॅमेरा ऑफ करून बॅटरी काढा, ती पूर्ण भरा आणि पुन्हा ऑन करा. त्यानंतरही तो सुरू झाला नाही, तर घरी दुसरा प्रयोग न करता तो अधिकृत सेवा केंद्रात द्या आणि अपडेटची फाइल असलेले कार्डही सोबत न्या.