ट्रायलमध्ये जायचं म्हणून इंजेक्शन बंद करू का?

प्रश्न: ताई, आम्ही घणसोलीला राहतो. बायको ३८ वर्षांची आहे, तिला ॲक्रोमेगाली आहे, म्हणजे अंगात ग्रोथ हार्मोन जास्त तयार होण्याचा आजार. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकातून ऑपरेशन करून काढली पण थोडी राहिली, आयजीएफ-१ (या आजारात रक्तात वाढणारं हार्मोन) अजून वरच येतंय, म्हणून दर महिन्याला इंजेक्शन चालू आहे आणि तो खर्च आता झेपत नाही. ओळखीतला एकजण म्हणतो गोळीची ट्रायल म्हणजे नव्या औषधाची चाचणी चालू आहे, नाव नोंदवायला ३ हजार दे आणि आधी इंजेक्शन बंद कर, अंगात औषध असेल तर घेत नाहीत. खरं आहे का? ट्रायल शोधायची कुठे? – स. पा.

उत्तर: दादा, इंजेक्शन बंद करू नका आणि त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. मी बरीच वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटरचं काम केलंय. ट्रायलमध्ये घ्यायला फी नसते, तिथलं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या फुकट असतात, येण्याजाण्याचा खर्चही बऱ्याचदा मिळतो.

आता इंजेक्शनचं. काही ट्रायलमध्ये आधीचं औषध थांबवतात हे खरंय, त्याला वॉशआउट म्हणतात, पण ते कधी आणि किती दिवस हे ट्रायलचे डॉक्टर ठरवतात, तेही पेशंटची संमतीची सही झाल्यावर. घरच्या घरी थांबवलंत तर हार्मोन वर जाणार आणि कदाचित त्याच कारणाने ट्रायलमधून नाव जाणार. पॅल्टुसोटीन नावाच्या गोळीचंच बघा, अमेरिकेत तिला सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या दोन मुख्य ट्रायल झाल्या, एकीत इंजेक्शनवर ज्यांचं आयजीएफ-१ नॉर्मल होतं असेच लोक घेतले आणि दुसरीत त्यावेळी औषधावर नसलेले. वहिनींचं इंजेक्शन चालू असूनही वर आहे, म्हणजे पहिलीत त्या बसल्याच नसत्या. म्हणून ‘ॲक्रोमेगालीची ट्रायल आहे’ एवढं ऐकून काही ठरत नाही, अटी वाचायला लागतात.

त्या पहिल्या ट्रायलमध्ये सगळे मिळून ५८च जण होते, दुर्मिळ आजारात असंच असतं, सेंटरही मोजकी. ३६ आठवड्यांनी गोळी मिळालेल्यांपैकी साधारण ८३ टक्के लोकांचं आयजीएफ-१ नॉर्मल राहिलं आणि प्लासिबो म्हणजे बिनऔषधाची गोळी मिळालेल्यांपैकी फक्त ४ टक्के लोकांचं. म्हणजे प्लासिबो वाट्याला आली तर आजार परत डोकं वर काढतो, हे गृहीत धरूनच जायचं. हार्मोन कुठवर वाढलं की तुम्ही परत इंजेक्शन सुरू करणार, हा प्रश्न तिथे थेट विचारा.

शोधायचं सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) साइट, २००७ पासून आहे. सर्चमध्ये आजाराचं नाव इंग्रजीत टाका, नंतर नुसतं पिट्युटरी टाकूनही बघा. भारतातलं रिक्रूटमेंट स्टेटस ओपन आहे का, वयाच्या आणि बाकीच्या अटी काय, सेंटर कुठली आणि पब्लिक क्वेरीसाठी कोणाचा नंबर दिलाय ते पाहा. स्टेटस कधीकधी जुनंच राहिलेलं असतं म्हणून फोन करून खात्री करा. त्या ओळखीच्या माणसालाही सीटीआरआय नंबर विचारा, देता येत नसेल तर विषय संपला. मिळालेलं पान प्रिंट करून तुमच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा, सोबत ऑपरेशनचा बायॉप्सी रिपोर्ट, एमआरआयच्या सीडी आणि आयजीएफ-१चे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून. ट्रायल नसली तरी परळला केईएमच्या एंडोक्रिनॉलॉजी ओपीडीत एकदा जाऊन या, पिट्युटरीचे पेशंट तिथे खूप येतात, खर्चाचंही तिथे मोकळेपणाने बोला. घणसोलीहून ठाणे आणि ठाण्याहून स्लो लोकल. तिथे ग्रोथ हार्मोनची टेस्ट सांगितली तर उपाशीपोटी ग्लुकोज पाजून दोन तास दर अर्ध्या तासाने रक्त घेतात, उपाशी बाईला त्या दिवशी गर्दीत उभं राहायला लावू नका, परत येताना खायला काहीतरी बरोबर ठेवा.

प्रश्न तुम्ही विचारलात पण सही वहिनींची लागणार, तेव्हा समजावून सांगताना समोर त्याच बसल्या पाहिजेत. कन्सेंट फॉर्म म्हणजे संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सही केल्यावर त्याची कॉपी घ्या. फॉर्ममध्ये वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलेलं असतं, ते वाचून बऱ्याच घरांत घाबरतात, माझ्यासमोर एक बाई पेन ठेवून उठल्याच होत्या. ट्रायलमुळे काही बरंवाईट झालं तर भरपाई कोणाला द्यायची, यासाठी ते असतं. २०१९च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमांप्रमाणे ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात आणि ती ट्रायलमुळेच झाली असेल तर भरपाई वेगळी. वहिनींना मधेच कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यायची गरज नाही, नेहमीचे उपचार त्यामुळे कोणी अडवू शकत नाही.

अजून एक, खर्चाचं म्हणालात म्हणून. ट्रायल संपल्यावर औषध फुकट चालू राहीलच असं नाही, डॉक्टरांची शिफारस आणि ट्रायलवर देखरेख करणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी असली तरच कंपनीकडून मिळू शकतं. सहीच्या आधीच विचारा की शेवटच्या व्हिजिटनंतर गोळी कोण देणार, आणि नाही मिळाली तर इंजेक्शन परत कधी सुरू करायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.