सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३०: या संख्येत गणिताच्या दृष्टीने काही विशेष आहे का?

पत्ता विसरून ४११०३० कडे नुसती संख्या म्हणून पाहिलं तर हाती काही लागेल का, असं तुम्ही विचारलंय. भरपूर लागतं. कागद-पेन घेऊन बसा.

आधी अवयव पाडू. शेवटी शून्य, म्हणजे २ आणि ५ आलेच. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ नेही भाग जाणार. भागाकार येतो ४५६७०. शून्य काढा, ४, ५, ६, ७ ओळीने उभे! वर ही ४५६७ मूळ संख्या आहे. पडताळायचं असेल तर ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, कारण ६८ चा वर्ग ४६२४ होतो. एकीनेही भाग जात नाही. ६७ ने भागल्यावर ११ उरतात.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना हर्षद संख्या हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि देवळालीला शाळेत शिकवणारे कापरेकर. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत पुढे जायचं, हाही त्यांच्या आवडीचा विषय. ४११००३ पासून करून बघा. खडकीहून निघालात की ४११०१२ दापोडी, ४११०२१ बावधन, मग आपली सदाशिव पेठ, पुढे ४११०३९ भोसरी. इथे अंकांची बेरीज १८ होते, त्यामुळे एकदम ४११०५७, हिंजवडी! पोस्टाने नंबर देताना असलं काही मनात धरलेलं नाही, तरी मला हे फार आवडतं.

अर्थात आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून हे दिसतं. माझ्या मते जास्त मोलाचा गुण वेगळाच आहे, आणि तो लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून नाही: ४११०३० ही दोन पूर्ण वर्गांची बेरीज होऊ शकत नाही आणि वजाबाकीही होऊ शकत नाही.

वजाबाकीचं कारण सोपं आहे. कुठल्याही पूर्ण वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ च राहते, त्यामुळे दोन वर्गांच्या वजाबाकीत बाकी २ कधीच येत नाही. आपल्या संख्येत नेमकी तीच येते. बेरीज अडते ती ४५६७ पाशी. ४ ने भागल्यावर ३ उरणारी मूळ संख्या अवयवांमध्ये विषम वेळा आली, तर दोन वर्गांची बेरीज जमत नाही. ३ ही संख्याही त्याच जातीची, पण ती दोनदा आली आहे म्हणून तिचा अडथळा नाही. ४५६७ मात्र एकदाच आहे.

तीन वर्ग घेतले की काम होतं: ६४१² + १०² + ७². यातली ६४१ गणितात प्रसिद्ध आहे. फर्माने मूळ मानलेल्या ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं होतं.