वाचकांचे प्रश्न : चौथी स्टेज म्हणजे नेमके किती दिवस?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६१ असून ते यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागातील कर्करोगाचे निदान झाले असून यकृतात तीन गाठी आढळल्या आहेत. डॉक्टरांनी ‘चौथी स्टेज’ असे सांगितले आणि नातेवाईक ‘सहा महिने’ म्हणू लागले. वडील अजून रोज कामावर जातात. त्यांच्याजवळ नेमका किती काळ आहे, हे कशावरून कळते? त्यांना सांगावे का?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : चौथी स्टेज म्हणजे कर्करोग मूळ जागेपासून दूरच्या अवयवांत, इथे यकृतात, पोचलेला असणे. नातेवाईक सांगतात तो सहा महिन्यांचा आकडा उपचार न मिळालेल्या रुग्णांचा आहे आणि तो आपल्या वडिलांना लावणे अन्यायाचे ठरेल. संयुक्त केमोथेरपी (एकाहून अधिक औषधे एकत्र) आणि तिच्या जोडीला लक्ष्यवेधी औषधे (कर्करोगाच्या वाढीच्या ठरावीक यंत्रणेवर नेम धरणारी) दिलेल्या मोठ्या अभ्यासांत निम्मे रुग्ण सुमारे ३० महिने किंवा त्याहून अधिक काळ जगले. अशा अभ्यासांत बऱ्या प्रकृतीचे रुग्ण निवडले जातात, त्यामुळे तोही आकडा जसाच्या तसा कुणाला लागू होत नाही.

या आजारात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की, यकृतातील गाठी पूर्णपणे काढता येतील का. आजार यकृतापुरताच असेल, गाठी थोड्या असतील आणि त्या काढल्यावर पुरेसे निरोगी यकृत उरत असेल, तर शस्त्रक्रिया झालेल्या निवडक रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के पाच वर्षांनंतरही हयात असतात, आणि काही जण कायमचे बरेही होतात. आज न काढता येणाऱ्या गाठी काही वेळा केमोने आक्रसून काढण्याजोग्या होतात. म्हणून यकृताच्या शल्यविशारदाचे मत केमो सुरू होण्यापूर्वीच घ्यावे. सगळी केमो संपल्यावर ही चौकशी करणाऱ्या कुटुंबांची मला फार हळहळ वाटते. आजार पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला असेल किंवा अनेक अवयवांत गेला असेल, तर मात्र चित्र अवघड होते.

दुसरा मोठा आधार म्हणजे रुग्णाची हालचाल. जो स्वतःचे सगळे करतो, जिना चढतो, कामावर जातो, त्याला केमो अधिक सोसते आणि त्याचे आयुर्मानही सरासरीने जास्त असते. दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात जात असेल, तर उलट. झपाट्याने घटलेले वजन, रक्त तपासणीत कमी अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन), वाढलेले एलडीएच (पेशींची हानी दाखवणारे विकर) आणि सीईए (या कर्करोगात वाढणारे प्रथिन) हे प्रतिकूल संकेत होत, पण त्यांतल्या एकट्यादुकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

डाव्या बाजूचा कर्करोग उजव्या बाजूच्या तुलनेत सहसा बरा चालतो, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. तथापि गाठीच्या जनुकीय तपासणीशिवाय चित्र अपुरे राहते. ‘रास’ जनुकात बदल नसेल, तर डाव्या बाजूच्या आजारात सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब ही औषधे विशेष उपयोगी पडतात. ‘बीरॅफ’ जनुकातील ‘व्ही६००ई’ हा बदल आजार अधिक आक्रमक असल्याचे दाखवतो. सुमारे ५ टक्के रुग्णांत ‘एमएसआय-हाय’ (गाठीच्या पेशींतील डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडल्याची खूण) हा प्रकार आढळतो. त्यांच्यात केमोऐवजी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधे) प्रभावी ठरते आणि काहींचा आजार कित्येक वर्षे आटोक्यात राहतो.

या जनुकीय तपासण्या सहसा निदानासाठी आधीच काढलेल्या बायोप्सीच्या तुकड्यावर होतात. तो तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत जपलेला असतो आणि त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. तो स्लाइडसह (तपासणीच्या काचपट्ट्या) प्रयोगशाळेकडे मागणी करून घ्या. पुन्हा बायोप्सी करण्याची वेळ सहसा येत नाही. केमो सोलापुरात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात घेता येईल. यकृताच्या शस्त्रक्रियेच्या मतासाठी पुणे-मुंबईची एक फेरी करावी लागली, तरी ती अवश्य करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला (या योजनेच्या मदतनीसाला) आधीच विचारून ठेवा. पहिल्या दोन-तीन महिन्यांनी होणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये गाठी किती कमी झाल्या, यावरून आजच्यापेक्षा बरेच अधिक सांगता येईल.

वडिलांना सांगण्याबाबत : त्यांना किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यांनाच विचारा आणि ते म्हणतील तेवढे खरे सांगा. यकृतावर शस्त्रक्रिया करायची की नाही, हा निर्णय त्यांच्या शरीराचा आहे. तो त्यांच्या पाठीमागे घेतला जाऊ नये.