मायक्रोब्रुअरीसारखी चव देणारी स्वस्तातली बियर कुठली?

प्रश्न असा आहे: "पुण्यात जॉबला आहे. ऑफिसच्या मित्रांमुळे क्राफ्ट बियरची चटक लागली, पण दर शुक्रवारी दीड-दोन हजारांचं बिल परवडत नाही. तशीच चव देणारी स्वस्त बियर दुकानात मिळते का?"

मिळते, पण सगळ्या प्रकारात नाही. आणि तुम्ही मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच क्राफ्ट बियर बनवून विकणाऱ्या पबमध्ये, नेमकं काय मागवता ते लिहिलं नाहीत, खरं तर सगळं उत्तर त्यावरच आहे. आमच्या ग्रुपमध्ये हा विषय निघाला की लगेच ब्रँडची भांडणं सुरू होतात, एक म्हणतो बिरा, दुसरा म्हणतो सिम्बा, तिसरा म्हणतो किंगफिशरला तोड नाही, आणि तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या प्रकारच्या बियर असतात. माझं म्हणणं एवढंच, ब्रँडला ब्रँड शोधू नका, स्टाईलला स्टाईल शोधा, आणि बाटली हातात घेतली की किमतीच्या आधी तारीख बघा. या दोन गोष्टी कळल्यावर माझा बियरचा खर्च निम्म्यावर आला आणि पिण्यातली मजा तसूभरही कमी झाली नाही.

२००९ मध्ये पुण्यात कोरिंथियन्स हॉटेलात डुलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. मी तिथे पुढच्या वर्षी गेलो. तोपर्यंत बियर म्हणजे पिवळीधमक, बर्फासारखी थंड आणि चवीला जवळपास काहीच नाही एवढंच माहीत होतं. तिथे समोर गढूळ ग्लास आला, वरती जाड पांढरा फेस, आणि नाकाशी नेला तर चक्क पिकलेल्या केळ्याचा वास. मी वेटरला विचारलं की यात केळं घातलंय का. नव्हतं घातलं. ती हेफेवायझन होती, जर्मनीतल्या बव्हेरियाची गव्हाची बियर, आणि तो केळ्याचा वास आणि मागून येणारी लवंगेची झाक दोन्ही यीस्टमधून येतं. आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं जे द्रव्य पिकलेल्या केळ्यात असतं तेच हे यीस्ट आंबवताना तयार करतं. मला त्या दिवशी बियर हा प्रकार पहिल्यांदा समजला असं म्हटलं तरी चालेल.

आता इथेच बहुतेक लोक फसतात. मायक्रोब्रुअरीत हेफेवायझन आवडते, मग दुकानात जाऊन 'व्हाईट' किंवा 'विट' लिहिलेली बियर उचलतात, घरी येऊन पितात आणि म्हणतात की छे, ती मजा नाही. कशी असेल, ती वेगळीच बियर आहे! विट म्हणजे बेल्जियन, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात. होगार्डन ही त्यातली सगळ्यात नावाजलेली, त्या नावाच्या गावात ही बियर बनणं पार बंद पडलं होतं, १९६६ मध्ये पिएर सेलिस नावाच्या माणसाने ती परत सुरू केली. बिरा व्हाईट, किंगफिशरची अल्ट्रा विटबियर, सिम्बाची विट, व्हाईट आऊलची स्पार्क ही सगळी त्याच घराण्यातली. म्हणजे तुम्ही मायक्रोब्रुअरीत बेल्जियन विट पीत असाल तर तुमचं काम सोपं आहे, यातली जी ताजी मिळेल ती घ्या, तिकडच्या एका ग्लासच्या पैशात आमच्या बियर शॉपीत दोन पाइंट, म्हणजे छोट्या बाटल्या, तरी येतात. आणि तुम्ही हेफेवायझनवाले असाल तर स्वस्तात तीच चव मिळणं अवघड आहे हे सरळ सांगतो. जर्मन बाटल्या मोठ्या दुकानात असतात पण त्या महाग, शिवाय बोटीने येऊन गोडाऊनमध्ये पडून राहिलेल्या.

हे मी हवेत बोलत नाहीये. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही पाच जणांनी सिंहगड रोडला मित्राच्या गच्चीवर झाकून चव घ्यायचा प्रयोग केला होता. वहिनींनी आत स्वयंपाकघरात ओतायचं, आम्हाला बाटल्या दिसायच्या नाहीत, ग्लासच्या बुडाला मास्किंग टेप लावून १ ते ६ आकडे. सगळ्या गव्हाच्या बियर, सगळ्या एकाच फ्रीजमधून. पहिल्या फेरीत आमची चूक अशी झाली की समोर मसाला शेंगदाणे आणि शेव होती, दोन घास खाल्ल्यावर जिभेला काहीच कळेना, सगळ्यांचं मत एकच, "चांगली आहे". मग चखणा आत पाठवला, साधे चुरमुरे आणले, पाण्याने चुळा भरल्या आणि परत सुरुवात केली. पाचातल्या तिघांनी नंबर ४ ला पहिला नंबर दिला. टेप काढून बघितलं तर ती सहातली दुसरी सगळ्यात स्वस्त बियर, बनून जेमतेम तीन आठवडे झालेली. सगळ्यात महाग होती ती जर्मन बाटली शेवटून दुसरी आली, तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता, माझा मित्र तर म्हणाला की हा पार्सलचा खोका चाटल्यासारखं वाटतंय. तारीख बघितली, आठ महिने उलटून गेलेले. बियर बनवणाऱ्याची त्यात काहीच चूक नाही, ऑक्सिजन आणि उष्णता मिळून जुन्या बियरची हीच गत करतात, आणि पुण्याच्या मे महिन्यात तर फार लवकर करतात.

म्हणून तारीख. मायक्रोब्रुअरीत तुम्ही जे जास्तीचे पैसे देता त्यातले बरेचसे ताजेपणाचे असतात, दहा-पंधरा फुटांवरच्या टाकीतून ग्लासात येते ती बियर, पाश्चराइज न केलेली. घरी तो ताजेपणा पूर्ण नाही मिळणार, पण जवळपास जाता येतं. दुकानदाराला मॅन्युफॅक्चरिंग डेट दाखव म्हणा, दोन महिन्यांच्या आतली असेल तर घ्या, चार महिने झाले असतील तर दुसरी मागा, लाजायचं कारण नाही. आणि ज्या दुकानात माल पटापट संपतो तिथून घ्या, जिथे बाटल्यांवर धूळ बसलीये तिथून नको.

दुसरी गोष्ट ऊन आणि ट्यूबलाइट. एकदा मी एका शॉपीतून हिरव्या काचेच्या सहा बाटल्या घेतल्या, काउंटरमागच्या काचेच्या शेल्फवर मांडलेल्या होत्या, दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. घरी उघडली तर असा उग्र वास आला की बायकोने बाहेरून विचारलं, गॅस लीक होतोय का. हॉप्स म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, त्यातल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की गंधकाचा एक घाण वास तयार होतो, इंग्रजीत त्याला स्कंक झालेली बियर म्हणतात, स्कंक म्हणजे घाण वासाचा फवारा मारणारा तिकडचा प्राणी. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फारसा नाही, आणि कॅनमध्ये तर उजेड शिरतच नाही. त्यामुळे निवड असेल तेव्हा कॅन घ्या. कॅनला पत्र्याची चव येते असं म्हणणारे असतात, त्यांना सांगा ग्लासात ओतून पी. कॅनला आतून थर दिलेला असतो, चव तोंडाला लागलेल्या पत्र्याची असते.

ग्लासवरून आठवलं. घरची विट कपाळात जाईल इतकी गार पिऊ नका, फ्रीजमधून काढून आठ-दहा मिनिटं ठेवा, नाहीतर तो संत्र्याचा आणि धण्याचा वास येणारच नाही. ग्लास गरम पाण्याने धुवा, भांड्याच्या साबणाचा थोडाही अंश राहिला तर फेस बसतो. ओतल्यावर आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास अस्वच्छ आहे समजा. आणि गढूळ व्हीट बियर असेल तर तीन-चतुर्थांश ओतायची, मग बाटली हळूच गोल फिरवायची, तळाचं यीस्ट सुटतं, आणि ते शेवटचं दाट ढगाळ वरून सोडायचं. हे केलं नाही तर निम्मी चव बाटलीतच राहते. मला ओतताना हा शेवटचा भाग बघायला अजूनही आवडतं.

आता कोकमवाल्या बियरविषयी, कारण पुण्यात तिचे चाहते खूप आहेत. पुण्याच्याच ग्रेट स्टेट एल वर्क्सने मीठ आणि कोकम घातलेली एल (बियरचाच एक प्रकार) काढली होती, ती मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मला आजोळी रत्नागिरीला जेवल्यावर मिळणारं सार आठवलं. हिला स्वस्त पर्याय मी स्वतः घरी शोधलाय आणि तो मनापासून सांगतो. कोकमाचं आगळ घ्या, अमृत कोकम नको, ते गोड असतं, आगळच, कारण त्यात मीठ आधीपासून असतं. ग्लासात दोन छोटे चमचे आगळ, वरून कुठलीही साधी माइल्ड लागर, म्हणजे नेहमीची पिवळी बियर, हळूहळू तिरक्या ग्लासात. रंग गुलाबी-लालसर होतो, फेस थोडा कमी येतो, चव आंबट-खारट आणि मागे हलका कडवटपणा. मूळ एलची बरोबरी नाही म्हणत, पण ऐंशी टक्के मजा आहे. बियरमध्ये काही मिसळणं पाप आहे वगैरे मानू नका, जर्मनीत निम्मी लागर आणि निम्मं लिंबाचं गोड सरबत मिसळून राडलर पितात, राडलर म्हणजे सायकलवाला, तिकडे उन्हाळ्यात सर्रास चालतं. आपल्याकडे लिंबू सोड्याने तेच होतं आणि नशाही निम्मी.

एक सापळा मात्र टाळा. स्वस्त पर्याय म्हटलं की लोक लगेच स्ट्राँगकडे वळतात, कारण रुपयाला किती चढते हा हिशोब. आपल्याकडे पाच टक्के अल्कोहोलपर्यंत माइल्ड, त्याच्या वर स्ट्राँग, आणि ती आठपर्यंत जाते. चढवायची असेल तर तो तुमचा प्रश्न, पण तुम्ही चव विचारली आहे, आणि स्ट्राँगमध्ये अल्कोहोल वाढवायला बऱ्याचदा साखर किंवा तांदूळ-मका वापरतात, त्याने ताकद येते पण मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, तो ब्रेडसारखा भरीवपणा येत नाही. लेबलवर घटक लिहिलेले असतात ते वाचा, दोन मिनिटांचं काम आहे. त्यापेक्षा ताजी माइल्ड लागर पन्नास वेळा बरी.

आयपीएवाल्यांसाठी बातमी तितकी चांगली नाही. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, सगळा हॉप्सचा खेळ, हॉप्स बहुतेक बाहेरून येतात, आणि तो आंब्या-संत्र्यासारखा वास सगळ्यात आधी उडतो. म्हणजे जुनी आयपीए घेणं हे पैसे फेकणंच. गोव्याला गेलात तर गोवा ब्रुइंगची एट फिंगर एडी ही आयपीए तिथेच प्या, तिकडे बियर मुळातच आपल्यापेक्षा बरीच स्वस्त आहे, माका दी हा तिकडचाच ब्रँड पण बघा. पण डिकीत भरून आणायच्या भानगडीत पडू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या खरंच तपासतात, माझ्या ओळखीतल्या एकाला तीन बाटल्यांपायी अख्खा दिवस तिथे काढावा लागला.

हेफेवायझन आणि आयपीए दोन्हीसाठी मी मग एक केलं, शुक्रवार रात्र सोडली. बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी दर कमी असतात, फोन करून विचारायचं. गेल्यावर आधी सॅम्पलर मागवायचा, छोट्या छोट्या ग्लासात चार-सहा प्रकार येतात, त्यातला त्या दिवशी जो सगळ्यात छान लागेल त्याचा एकच मोठा ग्लास. आणि ब्रुअर दिसला तर विचारायचं की यातली नवीन बॅच कुठली. ही माणसं फार प्रेमाने सांगतात, माझ्या अनुभवात कुणी टाळलेलं नाही. खायला मात्र घरून खाऊन जायचं, तुमच्या त्या दोन हजारांतले निम्मे नाचोज आणि चिकन विंग्जचे असणार, बिल काढून बघा. गाडी नेऊ नका, तेवढे रिक्षाचे पैसे यातच धरा.

राहिली स्टाऊट. काळी, भाजलेल्या कॉफीसारखी, जिभेवर मऊ. हिच्यासाठी मी स्वस्त पर्याय शोधायचा सोडून दिलाय. सिम्बाची स्टाऊट बाटलीत मिळते आणि ती चांगली आहे, कॉफी आवडणाऱ्याने जरूर घ्यावी, पण टाकीतून नायट्रोजन वायूच्या दाबावर ओतलेली स्टाऊट, जिच्यात ते बारीक बुडबुडे भिंतीवरून खाली खाली सरकताना दिसतात, ती घरी होत नाही. तिच्यासाठी मी महिन्यातून एक बुधवार बाजूला ठेवलाय, एक ग्लास, अर्धा तास, सोबत कुणी असलं तर ठीक नाहीतर एकटाच.