भर उन्हाळ्यात घरची कोंबडी धापा टाकते. ती आजारी आहे की उन्हाने हैराण झालीय, हे कसं ओळखायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे नाशिकहून जळगावला आलात आणि लेकीची लाडकी गिरीराज कोंबडी सोबत आणलीत. एप्रिल लागल्यापासून ती दुपारभर चोच उघडी ठेवून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते, पातळ हगते आणि अंडीही कमी झालीत. लेक रोज दुपारी शाळेतून आली की तिला मांडीवर घेऊन डोळे, चोच, पंख तपासते. ती आजारी आहे का, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी ते दुपारी मांडीवर घेणं थांबवा. आजपासूनच. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

कोंबडीला घाम येत नाही, तिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नसतात. वर पिसांची रजई. तिच्या शरीराचं तापमान मुळातच ४१ डिग्रीच्या आसपास असतं, म्हणजे आपल्याला ज्या तापात दवाखान्यात न्यावं लागेल तो तिचा रोजचा ताप. बाहेर ३० डिग्री असेल तर तुरा, गळ्याखालच्या लाल पाळ्या आणि उघडे पाय यांतून अंगातली उष्णता बाहेर जाते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा हवाच तिच्या अंगापेक्षा जास्त तापलेली असते, आणि उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आत शिरते. मग तिच्या हातात एकच उपाय उरतो: भराभर श्वास घेऊन घशातलं, फुप्फुसातलं पाणी वाफ करून उडवणं. म्हणजे तुम्ही जी धाप बघताय ती तिची जीव वाचवायची मेहनत आहे. त्या वेळी तिला पकडलं की ती फडफडते, घाबरते, अंगात आणखी उष्णता तयार होते, आणि वरून आपल्या मांडीची ऊब.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचं घर चोपडा तालुक्यात. चांदणी नावाची माझी ठिपक्यांची कोंबडी होती, सात वर्षं झाली त्याला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. दुपारी दोनला ती पडवीत धापा टाकताना दिसली, म्हणून मी धावत जाऊन तिला धरलं, चोच उघडून चमच्याने पाणी ओतलं. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड उघडं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते पाणी पोटात गेलंच नाही. ती माझ्या हातात गेली. आजी ओट्यावरून ओरडत होती, "दुपारले हात नको लावू तिले, सकायले देख!" मी ऐकलं नाही. अजूनही ते आठवलं की जीव कळवळतो, म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

आजीचं ते "सकायले देख" हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्याकडच्या उन्हात दुपारी प्रत्येक कोंबडी आजारीच दिसते, ठणठणीत असलेलीसुद्धा. पहाटे पाच-साडेपाचला हवा सगळ्यात थंड असते. त्या वेळी जी कोंबडी बरी दिसते ती बरी. आणि पहाटेच्या गारव्यातही जी धापा टाकते, पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, तिचा आजार उन्हाचा नाही.

तर उद्या पहाटे लेकीलाच उठवा, तिला या कामाचं कौतुक वाटेल. खुराड्याचं दार उघडून आधी फक्त बघायचं. स्वतःहून बाहेर येते का, माती उकरते का, पाण्याकडे जाते का. चोच बंद असायला हवी. पोटाच्या मागच्या भागाकडे बघून श्वास मोजा, शांत कोंबडी मिनिटाला साधारण २० ते ३० श्वास घेते. दुपारी हाच आकडा दीडशेच्या वर जातो, त्यामुळे दुपारच्या मोजणीला अर्थ नाही.

मग हळूच उचला, पंख अंगाशी धरून. गळ्याखाली, छातीच्या वर, किंचित उजवीकडे अन्नाची पिशवी असते. रात्री ती दाण्यांनी भरलेली लागते आणि पहाटे रिकामी, मऊ लागायला हवी. पहाटेही ती चेंडूसारखी टणक असेल तर अन्न अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असेल आणि तोंडाला आंबूस वास येत असेल तर आत आंबलंय. ही एक तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण कोंबडी आजारपण लपवते, पण ही पिशवी तिला लपवता येत नाही.

त्यानंतर छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असावं. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर ती बरेच दिवस कमी खातेय. उन्हाळ्यात खाणं घटतंच, म्हणून मी दर रविवारी पिशवीत बसवून काट्यावर वजन करते आणि कॅलेंडरवर लिहून ठेवते. पिसांमुळे डोळ्याला उतार कळत नाही. तुरा लाल हवा. निळसर-जांभळा तुरा पहाटे दिसला तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. डोळे स्वच्छ, त्यात फेस नको. नाक कोरडं. कानाशी धरून ऐका: उन्हाची धाप बिनआवाजाची असते, आणि छातीत घरघर किंवा खरखर ऐकू आली तर ते दुखणं वेगळं.

शेपटीखाली आणि पंखाखाली पिसं फुंकर मारून बाजूला करा. मुळाशी पांढुरके पुंजके म्हणजे उवांची अंडी. पण खानदेशात त्याहून वाईट आहे ती कोंबडीची गोचीड. वाढलेली गोचीड दिवसा अंगावर सहसा सापडत नाही. धाब्याच्या घराच्या भेगा, खुराड्याच्या फळ्यांच्या फटी यांत लपते आणि रात्री येऊन रक्त पिऊन परत जाते. कोरड्या गरम हवेत ती चांगलीच फोफावते, आणि तिच्यामुळे तापाचा आजारही होतो. तुरा फिका पडत चालला असेल आणि दुसरं काही सापडत नसेल तर रात्री दहाला टॉर्च घेऊन फळ्यांच्या फटी बघा.

पातळ हगण्याचं म्हणाल तर दुपारी ती भरपूर पाणी पिते, एरवीच्या दुप्पट किंवा जास्तच, त्यामुळे विष्ठेभोवती पाण्याचं वर्तुळ येतं. मधे घट्ट भाग आणि त्यावर पांढरं टोपण दिसत असेल तर काळजी नको. अधूनमधून एखादी तपकिरी, चिकट, वासाची विष्ठाही नेहमीचीच. मात्र पहाटेची विष्ठा हिरवीगार पाण्यासारखी असेल, किंवा तीत रक्त असेल, तर डॉक्टर.

हिरवी हगवण, सुस्ती, आणि एक-दोन दिवसांत मान वाकडी होणं, ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणं. तिच्यावर औषध नाही, लसच आहे. लसीची कुपी शंभर-शंभर कोंबड्यांची येते, म्हणून एका कोंबडीवाल्याला कोणी दारात उभं करत नाही. आमच्या गल्लीत आम्ही सगळे मिळून एक कुपी आणतो, बर्फात, आणि उन्हाळा तापायच्या आधी सकाळच्या वेळी टोचून घेतो. तुम्हीही शेजारीपाजारी विचारा. आणि आसपास अचानक एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या मेल्या तर ऊन लागलं असेल म्हणून सोडून देऊ नका, मेलेल्याला हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता.

दुपारी मग काय करायचं? फक्त दारातून बघायचं. चोच उघडी, पंख लांब, पण डोळे टक्क उघडे आणि मधूनमधून उठून पाणी पिते: ठीक. झाडाखालच्या ओल्या मातीत खड्डा करून आडवी पडलीय, एक पाय ताणलाय, मेल्यासारखी दिसतेय: ती उलट मजेत आहे. डोळे मिटतेय, चालताना झोकांड्या जातात, पंख जमिनीला टेकलेत, तुरा जांभळा किंवा एकदम फिका पडलाय, किंवा ऊन तेवढंच असताना धाप अचानक थांबून मान पडलीय: आता मात्र हात लावायचाच. या वेळी वाट बघितली तर ती जाते. दुपारी चार ते सहा ही वेळ मी सगळ्यात जपते, कारण दिवसभरची उष्णता तोवर अंगात साठलेली असते.

तिला सावलीत न्या. घमेल्यात माठातलं पाणी घ्या, बर्फाचं नको, आणि पाय बुडतील, पोटाची पिसं भिजतील इतपत उभं करा. पंखाखाली आणि छातीवर ओल्या हाताने पाणी लावा. वरवर पाणी शिंपडून पिसांच्या आतपर्यंत जात नाही. पंखा लावा. पाणी पाजायचं असेल तर चोचीच्या कडेला बोटाने एकेक थेंब लावा, ती गिळेल तेवढंच. तरतरी आली की माणसांच्या ओआरएसचं पाकीट दुप्पट पाण्यात कालवून, म्हणजे लिटरचं पाकीट दोन लिटरला, बाजूला साध्या पाण्यासह ठेवा. एक-दोन दिवसच, कोंबडीला मीठ जास्त सोसत नाही. अर्ध्या तासात मान उचलली नाही तर डॉक्टरांकडे न्या, किंवा १९६२ या पशुधनाच्या नंबरवर फोन करा.

रात्री नऊला एक नजर टाका. सूर्य मावळून दोन तास झाले तरी धाप चालूच असेल तर एकतर खुराडं तापलेलं आहे किंवा कोंबडीचं काही बिनसलंय. बहुतेक वेळा खुराडंच. पत्र्याचं असेल तर वर पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) किंवा केळीची वाळलेली पानं टाकून पाणी मारा, बाजूला ओलं बारदान लावा, पण वारा आरपार खेळू द्या. बंद खोलीत कूलर लावून कोंडू नका, दमट हवेत तिच्या घशातलं पाणी उडत नाही आणि धाप वाया जाते. याच कारणाने मला मेपेक्षा जूनचा पहिला आठवडा जास्त धोक्याचा वाटतो. ढग येतात, पारा उतरतो, आपण निर्धास्त होतो, आणि उकाड्यात कोंबडी गुदमरते.

पाणी मातीच्या परळात, दोन ठिकाणी, दुपारी तीनदा बदलून. कोमट झालेलं पाणी ती तोंडाला लावत नाही. दाणा पहाटे आणि संध्याकाळी, दहा ते पाच मधे नको, पचनाचीही उष्णता असतेच. तुमची गिरीराज गावरानपेक्षा कितीतरी भारी अंगाची, तिला हे सगळं जास्तच पाळावं लागेल. आमच्या गावरान कोंबड्या जिथे निभावतात तिथे ती थकेल.

एक गोष्ट विचारायची राहिली. ती दिवसभर एकाच कोपऱ्यात बसून, जवळ गेलं की अंग फुगवून कुरकुरते का? तसं असेल तर ती खुडूक बसलीय, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने बसलीय, आजारी नाही. पण खुडूक कोंबडी उन्हात पाण्यालाही उठत नाही, म्हणून तिला दिवसातून तीनदा उचलून परळापाशी ठेवा.

अंड्यांचं कारण धापेतच आहे. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि कवचाला लागणारा चुना कमी पडतो. खाणंही घटलेलं. म्हणून अंडी कमी आणि कवच पापुद्र्यासारखं. संध्याकाळच्या दाण्यासोबत वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवा, तिला हवा तेवढा ती खाईल. अंडं येत नसताना शेपूट खाली पाडून, ताठ उभी राहून कुंथत असेल तर अंडं आत अडकलंय, ते घरी दाबून काढायला जाऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसेल तर औषधं देऊ नका. मृगाचा पाऊस स्थिरावून हवा खरोखर उतरली की आमच्याकडे आठ-पंधरा दिवसांत अंडी पुन्हा सुरू होतात.

उद्या पहाटे पिशवी रिकामी लागली की टणक, आणि खुडूक आहे का, एवढं लेकीला इथे खाली लिहायला सांगा. मी रात्री बघते.